डिस्क रिकामी, तरी ‘जागा शिल्लक नाही’: सी भाषेतल्या मेसेज क्यूच्या एरर समजून घेताना

डिस्क अर्धीअधिक रिकामी असते. तरी सी भाषेतला तुमचा छोटासा प्रोग्राम मेसेज क्यू, म्हणजे दोन प्रोग्राममधली संदेशांची रांग, तयार करायला जातो आणि उत्तर येतं, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. कधी एकही फाइल उघडलेली नसताना ‘टू मेनी ओपन फाइल्स’ ऐकावं लागतं. कधी मशीन तुमचं, क्यूही तुम्हीच बनवलेला, आणि तरी ‘परमिशन डिनाइड’. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकाला बसलेला विद्यार्थी असो वा दहा वर्षं सर्व्हर सांभाळणारा इंजिनिअर, या वाक्यांनी कधी ना कधी प्रत्येकाला चकवलेलं असतं.

कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, इथे खोटं बोलत नाही. युनिक्सची एरर क्रमांकांची यादी मुख्यतः फायली आणि उपकरणं डोळ्यांसमोर ठेवून तयार झाली. मेसेज क्यू नंतर आले. त्यांच्यासाठी एखाददुसरा नवा क्रमांक जोडला गेला, पण बहुतेक ठिकाणी जुन्यांपैकी त्यातल्या त्यात जवळचा क्रमांकच वापरला गेला. त्यामुळे पडद्यावरचं वाक्य फायलींचं असतं आणि दुखणं क्यूचं. ते वाक्य शब्दशः घेऊन डिस्क साफ करायला बसलात तर दिवस फुकट जातो.

(फंक्शनांची आणि एररची नावं इथे बोलतो तशी लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीतच टाकायची, हे वेगळं सांगायला नको.)

## क्यू असतो कुठे?

एसटी स्टँडवरची पार्सल खिडकी आठवा. तुम्ही पार्सल देता आणि निघून जाता; घेणारा त्याच्या सवडीने येऊन ते नेतो. दोघांची गाठ पडायची गरज नसते. एका पार्सलचं वजन किती चालेल, खिडकीत एकूण किती मावतील, हे तुम्ही ठरवत नाही, खिडकीवाले ठरवतात. आणि तुम्ही घरी गेलात म्हणून तुमचं पार्सल तिथून गायब होत नाही.

मेसेज क्यूचं तसंच आहे. एक प्रोसेस, म्हणजे चालू असलेला एक प्रोग्राम, संदेश ठेवते आणि दुसरी तो उचलते. मधली खिडकी चालवतो कर्नेल. क्यू तुमच्या प्रोग्रामच्या मेमरीत नसतो, कर्नेलकडे असतो. म्हणून प्रोग्राम संपला, कोसळला, कंट्रोल-सी दाबून मारला, तरी क्यू त्यातल्या संदेशांसकट तसाच राहतो. कुणीतरी तो मुद्दाम काढेपर्यंत, नाहीतर मशीन रीस्टार्ट होईपर्यंत. खाली येणाऱ्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच आहे.

लिनक्सवर क्यूची दोन घराणी आहेत. जुनं सिस्टिम-फाइव्ह: तिथे क्यूला नाव नसतं, एक आकडा असतो, त्याला आपण किल्ली म्हणू. तो उघडण्यासाठी एमएसजी-गेट हे फंक्शन. दुसरं पॉसिक्स: तिथे क्यूला फाइलसारखं नाव असतं आणि तो एमक्यू-ओपनने उघडतो. हे घराणं लिनक्सच्या कर्नेलमध्ये २००४ साली २.६.६ आवृत्तीपासून आलं. दोघांचे नियम वेगळे, मर्यादा वेगळ्या, साफसफाईच्या कमांडही वेगळ्या. एकाचा उपाय दुसऱ्याला लावणं ही नेहमीची फसगत. त्यामुळे आपण कुठल्या घराण्यात आहोत, हे सगळ्यात आधी बघायचं.

## आधी एरर नीट पकडा

फंक्शन फसलं की ते उणे १ परत देतं आणि खरं कारण एररनो नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवतं. ते कारण लगेच पी-एररने छापून घ्यायचं. मध्ये एखादा प्रिंट-एफ घातलात तर तोच एररनो बदलून ठेवू शकतो आणि तुम्ही भलत्याच रोगावर औषध शोधत बसता.

तुलना उणे १ शीच करा. ‘शून्य किंवा कमी आलं तर एरर’ अशी अट बऱ्याच कोडमध्ये दिसते आणि एमएसजी-गेटच्या बाबतीत ती चूक आहे. शून्य हा क्यूचा वैध क्रमांक आहे. लिनक्सवर मशीन सुरू झाल्यावर बनणाऱ्या पहिल्या क्यूला शून्यच मिळतो. म्हणजे मशीन रीस्टार्ट केल्यावर पहिल्यांदा प्रोग्राम ‘फसतो’ आणि दुसरा कुठला क्यू आधी बनला असेल तर चालतो. असला बग शोधताना माणूस देवाला नवस बोलायच्या बेतात येतो.

एवढं करूनही उलगडा झाला नाही तर एस-ट्रेस चालवा. प्रोग्रामने कर्नेलला नेमकं काय मागितलं आणि काय उत्तर मिळालं, ते ओळीने दिसतं. फक्त पॉसिक्स क्यूचं नाव तिथे सुरुवातीच्या तिरप्या रेघेशिवाय दिसेल. ती रेघ सी लायब्ररीच काढून घेते, तुमचं काही चुकलेलं नसतं.

## कंपाइललाच अडलं तर

एमक्यू-ओपनबद्दल ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ आलं तर अजून कर्नेलपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही. लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीची, म्हणजे जीलिबसीची, २.३४ ही आवृत्ती २०२१ साली आली. त्याआधी ही फंक्शनं आरटी नावाच्या वेगळ्या लायब्ररीत होती आणि जीसीसी या कंपाइलरला ‘-एलआरटी’ सांगावं लागायचं. जुन्या मशीनवर आजही लागतं, आणि तेही ओळीत सोर्स फाइलच्या नंतर. आधी लिहिलं तर अनेकदा लिंकर ते वाऱ्यावर सोडतो.

## नावातला घोळ

पॉसिक्स क्यूचं नाव तिरप्या रेघेने सुरू व्हावं लागतं आणि पुढे दुसरी रेघ चालत नाही. सुरुवातीची रेघ विसरलात तर ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’. हे एकवेळ समजण्यासारखं आहे. पण नाव फाइलच्या पत्त्यासारखं दिसतं म्हणून लोक सवयीने टेम्प फोल्डरचा पूर्ण पत्ता देतात. त्यात दुसरी रेघ आली, आणि त्या चुकीला कर्नेल उत्तर देतो ‘परमिशन डिनाइड’. मग फोल्डरच्या परवानग्या ७७७ केल्या जातात, सुडो (रूट या सर्वाधिकारी युजरच्या नावाने कमांड चालवणं) लावला जातो, आणि काहीही होत नाही. कारण परवानगीचा प्रश्नच नव्हता, नाव चुकलं होतं.

सिस्टिम-फाइव्हमध्ये नाव नाही, पण किल्ली कुठून तरी आणावी लागते. बहुतेक जण ती एफ-टोककडून घेतात. त्याला एक फाइल आणि एक छोटा आकडा द्यायचा, की ते त्या फाइलच्या आयनोड क्रमांकातून, म्हणजे डिस्कवरच्या तिच्या अंतर्गत नंबरमधून, किल्ली बनवून देतं. यात तीन खड्डे आहेत.

पहिला: फाइल अस्तित्वात असावी लागते. नसेल तर एफ-टोक उणे १ देतं. तुम्ही ते न तपासता पुढे एमएसजी-गेटला दिलं तर ते मुकाट्याने क्यू बनवून देतं, कारण उणे १ हीसुद्धा त्याच्या लेखी एक किल्लीच. पाठवणारा आणि घेणारा, दोघांचीही फाइल गायब असेल तर दोघे एकाच क्यूवर भेटतात आणि सगळं झकास चालतं. कुणीतरी ती फाइल खरंच तयार करेपर्यंत.

दुसरा: फाइलचं नाव तेच राहिलं तरी आयनोड बदलू शकतो. काही एडिटर सेव्ह करताना नवी फाइल लिहून तिला जुन्याचं नाव देतात, गिटही फाइल बदलताना असंच करतं. म्हणून एफ-टोकला स्वतःची सोर्स फाइल देणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं. एका बाजूचा प्रोग्राम जुन्या किल्लीवर चालू आहे, मध्येच तुम्ही कोड सुधारलात, दुसरी बाजू नव्या किल्लीने शोधायला गेली की ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. फाइल तर समोर दिसते आहे!

तिसरा तितकासा छळत नाही: लिनक्सवर आयनोडचे फक्त खालचे १६ बिट वापरले जातात, त्यामुळे दोन वेगळ्या फायलींची किल्ली क्वचित एकच निघू शकते.

एफ-टोकला कंटाळून थेट १२३४ अशी किल्ली लिहिणारेही खूप. एकट्याच्या लॅपटॉपवर ते खपतं. पण कॉलेजच्या सामाईक सर्व्हरवर एकाच प्रात्यक्षिकाचं कोड पन्नास जणांनी एकमेकांकडून उतरवलेलं असतं आणि सगळ्यांची किल्ली १२३४. ज्याने पहिल्यांदा क्यू बनवला त्याने तो फक्त स्वतःपुरता ठेवला असेल तर बाकीच्यांना ‘परमिशन डिनाइड’, आणि सगळ्यांना खुला ठेवला असेल तर तुमच्या प्रोग्रामला शेजारच्याचे संदेश मिळू लागतात. दुसरा प्रकार जास्त करमणुकीचा.

## स्वतःच्याच क्यूवर परवानगी नाही?

इथला सगळ्यात गमतीदार अपघात एका शून्याचा आहे. परवानग्या अष्टमान पद्धतीत लिहायच्या असतात आणि सीमध्ये अष्टमान आकड्याच्या आधी शून्य लागतो: ०६६६. तो शून्य विसरून नुसतं ६६६ लिहिलं तर तो साधा दशमान सहाशे सहासष्ट होतो. अष्टमानात त्याचे होतात १२३२. आता गंमत बघा. यातला सुरुवातीचा १ म्हणजे लिनक्सवर नेमका ‘क्यू नसेल तर तयार कर’ हा झेंडा (फ्लॅग, म्हणजे फंक्शनला द्यायची सूचना), आणि उरलेले २३२ ही परवानगी. म्हणजे तुम्ही तयार करायला सांगितलंही नसेल तरी क्यू तयार होतो, आणि मालकाला, म्हणजे तुम्हाला, फक्त लिहिण्याची मुभा मिळते. पाठवणारा प्रोग्राम सुरळीत चालतो, वाचणारा अडतो. आयपीसीएस -क्यू ही कमांड चालवून परवानगीच्या रकान्यात २३२ दिसलं की समजायचं, शून्य राहिला.

परवानगी लिहायचीच राहिली तर? तयार करण्याचा झेंडा एकटा दिला तर क्यू ००० परवानगीने बनतो. तयार करताना एरर नाही. पहिला संदेश पाठवताना मात्र दार बंद.

पॉसिक्सच्या बाजूला यूमास्क आडवा येतो. नवी फाइल बनवताना कुठल्या परवानग्या कापायच्या, हे ठरवणारी ती सेटिंग. एमक्यू-ओपन तिला मानतं, एमएसजी-गेट मानत नाही. नेहमीचा यूमास्क ०२२ असेल तर तुम्ही मागितलेले ०६६६ प्रत्यक्षात ०६४४ होतात, आणि दुसऱ्या युजरचा प्रोग्राम त्या क्यूत लिहू शकत नाही. शिवाय क्यू तयार करताना एमक्यू-ओपनला परवानगी आणि गुणधर्म असे दोन जादा आर्ग्युमेंट द्यावे लागतात. त्यांची संख्या बदलती असल्यामुळे ते विसरलात तरी कंपाइलर गप्प बसू शकतो, आणि मग मेमरीत पडलेला कुठलाही कचरा परवानगी म्हणून वापरला जातो.

## दहावा क्यू का बनत नाही?

पॉसिक्स क्यू बनवताना दोन आकडे सांगायचे असतात: जास्तीत जास्त किती संदेश मावावेत आणि एक संदेश किती बाइटचा असावा. साध्या युजरसाठी लिनक्सच्या मूळ मर्यादा आहेत १० संदेश आणि ८१९२ बाइट. नेटवरून उचललेल्या उदाहरणात ५० किंवा १०० संदेश लिहिलेले असतात, आणि तुम्हाला ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ मिळतं. कुठलं आर्ग्युमेंट, ते कर्नेल सांगत नाही. गुणधर्मांचं स्ट्रक्चर न भरताच दिलं तरी हीच एरर, कारण आतले आकडे तेव्हा काहीही असू शकतात. चालू मर्यादा प्रॉक फोल्डरच्या आत सिस, त्याच्या आत एफएस, त्याच्या आत एमक्यू (इथे ‘क्यू’ शब्दाचं पूर्ण स्पेलिंग) या फोल्डरमध्ये साध्या फायलींत वाचता येतात.

आता ‘टू मेनी ओपन फाइल्स’कडे येऊ. प्रत्येक युजरच्या सगळ्या पॉसिक्स क्यूंसाठी मिळून बाइटची एक मर्यादा असते. बॅशमध्ये यूलिमिट -क्यू टाका, सहसा ८,१९,२०० दिसेल. कर्नेल क्यू बनवतानाच तो पूर्ण भरल्यास किती जागा लागेल ते तुमच्या खात्यावर मांडतो. आत एकही संदेश नसला तरी. गुणधर्म न सांगता बनवलेल्या क्यूचा हिशेब: १० गुणिले ८१९२, म्हणजे ८१,९२० बाइट, वर कर्नेलच्या स्वतःच्या नोंदींसाठी थोडे. असे दहा क्यू म्हणजे बरोबर ८,१९,२००, आणि वरचे ते ‘थोडे’ मर्यादा ओलांडायला पुरेसे. नऊ क्यू बनतात, दहावा अडतो. आणि एरर मिळते फायली जास्त उघडल्याची.

इथे लोक उघड्या फायलींची मर्यादा, म्हणजे यूलिमिट -एन, वाढवतात आणि काही फरक पडत नाही म्हणून वैतागतात. वाढवायची असते -क्यूची. त्याहून बरं म्हणजे मागणी कमी करणं. तुमचा संदेश १०० बाइटचा असेल तर ८१९२ कशाला मागायचे? १० संदेश, १२८ बाइट असं सांगितलंत तर त्याच मर्यादेत शेकडो क्यू मावतात. मग पुढची भिंत लागते: एकूण २५६ क्यू. ती ओलांडू पाहणाऱ्या साध्या युजरला मिळतं ते ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’.

सिस्टिम-फाइव्हमध्येही हीच एरर क्यूंची संख्या संपल्यावर येते. जुन्या कर्नेलमध्ये ही संख्या एकेकाळी १६ होती, लिनक्स ३.१९ पासून ती ३२,००० आहे. आज ३२,००० संपत असतील तर मर्यादा अपुरी नाही, प्रोग्राम गळतो आहे. बहुधा कुणीतरी किल्लीऐवजी आयपीसी-प्रायव्हेट दिलेलं असतं. त्याचा अर्थ ‘खासगी’ असा वाटतो, पण ते प्रत्यक्षात दर वेळी एक नवाकोरा क्यू बनवतं आणि जुना तसाच पडून राहतो.

## ‘पण काल तर चालत होतं!’

कालचा क्यू अजून तिथेच आहे म्हणूनच आज चालत नाही.

समजा काल तुम्ही क्यू नेहमीच्या ८१९२ बाइटचा बनवला. आज शहाणपणाने कोडमध्ये २५६ केलात, वाचायचा बफरही २५६ चा ठेवलात, पुन्हा कंपाइल केलंत. पाठवलेला शब्द फक्त ‘नमस्कार’, आणि वाचताना एरर ‘मेसेज टू लाँग’! कारण क्यू आधीच अस्तित्वात असेल तर एमक्यू-ओपन तुमचे नवे गुणधर्म आणि परवानगी यांकडे ढुंकूनही बघत नाही, जुना क्यू उघडून देतं. आणि वाचणाऱ्याचा बफर क्यूच्या ठरलेल्या आकाराहून लहान असेल तर संदेश कितीही छोटा असो, वाचू देत नाही. कोडकडे कितीही वेळ बघत बसा, ते बरोबरच आहे. दोष कर्नेलकडे राहिलेल्या कालच्या क्यूत आहे.

सिस्टिम-फाइव्हचे जुने क्यू आयपीसीएस -क्यूने दिसतात आणि आयपीसीआरएम -क्यू पुढे क्रमांक देऊन काढता येतात. पॉसिक्सचे तिथे दिसत नाहीत. ते बहुतेक मशीनवर डेव्ह फोल्डरच्या आतल्या एमक्यू (इथेही पूर्ण स्पेलिंग) फोल्डरमध्ये फायलींसारखे असतात. एलएस, कॅट, आरएम तिथे चालतात.

मग प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीत जुना क्यू पुसून टाकावा का? प्रात्यक्षिकापुरतं ठीक. खऱ्या कामात मला हा उपाय धोक्याचा वाटतो, कारण त्याच क्षणी दुसरी प्रोसेस तो क्यू वापरत असू शकते. पॉसिक्समध्ये नाव जातं पण तिने उघडलेला क्यू तिच्याकडे जिवंत राहतो, आणि दोघे दोन वेगळ्या क्यूंवर बोलत बसतात, एकही एरर न येता. त्यापेक्षा ‘तयार कर, पण आधीच असेल तर सांग’ असे दोन्ही झेंडे एकत्र द्यावेत. ‘फाइल एक्झिस्ट्स’ आलं की साधं उघडून एमक्यू-गेट-अ‍ॅटरने गुणधर्म तपासावेत आणि मग काय करायचं ते ठरवावं. कंट्रोल-सीसाठी सिग्नल हँडलर लिहिणार असाल तर त्यात फक्त एक खूण ठेवा, सफाई मुख्य लूपमधून बाहेर पडल्यावर करा.

## सुडो लावला की चालतं, मग हरकत काय?

हरकत अशी की सुडोने रोग कळत नाही, झाकला जातो. रूट युजरला सिस्टिम-फाइव्हच्या परवानग्या अडवत नाहीत, पॉसिक्सची १० संदेशांची आणि २५६ क्यूंची मर्यादाही लागू होत नाही. म्हणजे ००० परवानगी, शेजाऱ्याचा क्यू, १०० संदेशांची मागणी हे सगळे वेगवेगळे दोष सुडोखाली एकाच वेळी ‘बरे’ होतात. त्यात भर म्हणजे आता क्यूचा मालक रूट झाला, आणि पुढच्या वेळी तोच प्रोग्राम साध्या युजरने चालवला तर खरीखुरी ‘परमिशन डिनाइड’ मिळते. आधी एक दुखणं होतं, आता दोन.

सुडोचा एकच उपयोग मला मान्य आहे: मर्यादा खरोखर अपुरी आहे हे हिशेबाने दिसल्यावर ती सिस-सीटीएल या कर्नेलच्या सेटिंग बदलणाऱ्या कमांडने वाढवणं. सर्व्हिस सिस्टिमडीखाली, म्हणजे लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामखाली, चालत असेल तर बाइटची मर्यादा तिच्या युनिट फाइलमध्ये वाढवायची. टर्मिनलमध्ये चालवलेला यूलिमिट तिच्यापर्यंत पोचत नाही.

## माझ्याकडे चालतं, तिकडे नाही

मॅकवर पॉसिक्स मेसेज क्यू मुळातच नाहीत, हेडर फाइलसुद्धा सापडणार नाही. तिथे सिस्टिम-फाइव्ह किंवा सॉकेट वापरावे लागतात. एखाद्या छोट्या बोर्डवरच्या लिनक्समध्ये ‘फंक्शन नॉट इम्प्लिमेंटेड’ आलं तर कर्नेल बनवतानाच ही सोय वगळलेली असते, कोड बदलून उपयोग नाही.

डॉकर प्रोग्रामला बाकी मशीनपासून वेगळं, कंटेनर नावाच्या बंद डब्यात चालवतं. या कंटेनरला स्वतःचं वेगळं क्यूंचं जग मिळतं. बाहेरच्या मशीनवर बनवलेला क्यू आत दिसत नाही. बाहेर वाढवलेली संदेशांची मर्यादाही आत येत नाही, ती कंटेनर सुरू करतानाच सिस-सीटीएलच्या पर्यायाने द्यावी लागते. दोन कंटेनरांना एकच क्यू वापरायचा असेल तर त्यांचं आयपीसी, म्हणजे प्रोसेसमधल्या देवाणघेवाणीचं हे जग, सामाईक ठेवायला सांगावं लागतं.

आणि एक प्रकार खास रात्री घडणारा. तुम्ही सर्व्हरवर लॉगिन करून प्रोग्राम पार्श्वभूमीत सोडता आणि लॉगआउट करता. सकाळी सिस्टिम-फाइव्हचा प्रोग्राम ‘आयडेंटिफायर रिमूव्ह्ड’ म्हणत पडलेला असतो, किंवा पॉसिक्स क्यूचं नाव कुणालाच सापडत नाही. सिस्टिमडीच्या लॉगिन सेवेत रिमूव्ह-आयपीसी नावाची सेटिंग आहे. ती चालू असेल तर युजरचं शेवटचं सेशन संपताच त्याचे सगळे क्यू पुसले जातात. सिस्टिम युजरना ती हात लावत नाही, म्हणून असा प्रोग्राम स्वतःच्या लॉगिनखाली सोडण्याऐवजी सिस्टिम युजरची रीतसर सर्व्हिस करून चालवावा, नाहीतर लॉगिन-डी डॉट कॉन्फ या फाइलमध्ये ती सेटिंग बंद करून घ्यावी.